तुलूज : ‘हो’ म्हणणाऱ्या भाषेचं शहर

स्मरणिकेच्या संपादकांनी ‘परदेशातले अनुभव’ या विभागासाठी लेख मागितला. कामानिमित्त मी काही काळ दक्षिण फ्रान्समधल्या तुलूज शहरात राहिले, हे त्यांना ठाऊक होतं. पण थंडी, बसचे पास आणि शाकाहारी जेवणाची शोधाशोध आपल्या बॅचमधल्या निम्म्या मंडळींनी स्वतःच भोगलेली आहे. तेव्हा त्याऐवजी त्या शहराचा इतिहास सांगते. शाळेत इतिहास हा आपल्यापैकी अनेकांचा नावडता विषय, माझाही. तरी हे वाचा, कारण यात सोन्याचा शाप आहे, नीळ आहे, एका निरपराध माणसाचा जीव घेणारं कोर्ट आहे आणि आपल्या असईच्या लढाईतला एक ओळखीचा माणूसही आहे.

तुलूज पॅरिसपासून सुमारे सहाशे किलोमीटर दक्षिणेला, गारोन नदीच्या काठी. आणखी दक्षिणेला पिरेनीज पर्वत, आणि त्यापलीकडे स्पेन. पश्चिमेला अटलांटिक, पूर्वेला भूमध्य समुद्र, आणि दोन्हींकडे जाणारी वाट या गावावरून. आसपास बांधकामाचा दगड जवळजवळ नाही. आहे ती नदीने आणलेली चिकणमाती. म्हणून घरं, देवळं, पूल, किल्ले सगळं विटांचं. या विटा आपल्या विटांपेक्षा लांब, रुंद आणि चपट्या, रोमन घडणीच्या. उन्हाच्या तिरिपेनुसार त्यांचा रंग केशरीपासून गुलाबीपर्यंत बदलतो. फ्रेंच लोक तुलूजला ‘गुलाबी शहर’ म्हणतात ते त्यामुळे. दगड परवडणारे श्रीमंत लोक खिडक्यादारांच्या चौकटींपुरता दगड लावत. म्हणजे आज जे सौंदर्य म्हणून छायाचित्रांत झळकतं, ती मुळात काटकसर होती.

रोमन काळात गावाचं नाव तोलोसा. तिथल्या केल्टिक जमातीने आपल्या देवस्थानांत आणि पवित्र तळ्यांत अमाप सोनं-चांदी ठेवली होती. इ. स. पूर्व १०६ मध्ये सेपिओ नावाच्या रोमन सेनापतीने ते सगळं लुटलं. लूट रोमला पोचलीच नाही. वाटेत गायब झाली. सेपिओनेच ती ढापली, असा संशय रोममध्ये कायम राहिला. पुढच्याच वर्षी त्याच सेपिओच्या सैन्याचा आरोझियो इथे असा धुव्वा उडाला की रोमच्या इतिहासात तसे पराभव मोजकेच. ‘तोलोसाचं सोनं’ हा त्यानंतर लॅटिनमध्ये वाक्प्रचारच झाला : पचत नाही अशा पैशासाठी. रोमनांनंतर आले व्हिसिगॉथ. ४१८ पासून ५०७ पर्यंत तुलूज त्यांची राजधानी होती. मग फ्रँक राजा क्लोव्हिसने त्यांचा पराभव केला आणि ते स्पेनकडे सरकले. हा सगळा काळ मी मुद्दाम भरभर ओलांडते आहे. त्याच्या खुणा आता मुख्यतः वस्तुसंग्रहालयात आहेत, रस्त्यावर नाहीत.

रस्त्यावर खूण आहे ती एका बैलाची. तिसऱ्या शतकात सातुर्नँ नावाचा ख्रिस्ती बिशप इथे होता. रोमन देवांपुढे बळी द्यायला त्याने नकार दिला, म्हणून त्याला बळीच्या बैलाला बांधून गावातून फरफटत नेलं, अशी कथा आहे. ज्या रस्त्यावर हे घडलं त्याचं नाव आजही ‘बैलाचा रस्ता’. रेल्वे स्टेशनचं नाव ‘मातब्यो’. त्याचा अर्थ ‘बैल मारला ती जागा’ असा लावला जातो. सातुर्नँच्या, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘सेरनँ’च्या, नावाचं विटांचं भव्य चर्च १०९६ मध्ये पोप दुसरा अर्बन याच्या हस्ते पवित्र झालं. पहिल्या धर्मयुद्धाची हाक देत फ्रान्सभर फिरत होता, तोच हा पोप. तुलूजचा काउंट चौथा रेमाँ त्या हाकेला ओ देऊन जेरुसलेमला गेला तो परतलाच नाही.

आता भाषेकडे येते, कारण या लेखाचं खरं कारण तेच आहे. ‘मातब्यो’ हा शब्द फ्रेंच नाही, ऑक्सितान आहे. मध्ययुगात आजच्या फ्रान्सच्या उत्तर अर्ध्या भागात एक भाषा होती आणि दक्षिण अर्ध्या भागात दुसरी. दोन्ही लॅटिनच्या मुली, पण सख्ख्या बहिणींपेक्षा चुलत बहिणी म्हणाव्यात इतक्या वेगळ्या. ‘हो’ म्हणायला उत्तरेत म्हणत ‘ओईल’ (त्याचंच पुढे ‘वी’ झालं) आणि दक्षिणेत म्हणत ‘ओक’. इटालियन कवी दान्तेने या भाषा त्यांच्या ‘हो’वरूनच वेगळ्या केल्या. एका अख्ख्या प्रांताचं नाव ‘लांगदोक’ पडलं, म्हणजे ‘ओक म्हणणाऱ्यांची भाषा’. एखाद्या प्रदेशाला त्याच्या होकारावरून नाव मिळाल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही. याच भाषेत त्रुबादूर कवींनी बाराव्या शतकात प्रेमकविता रचल्या, आणि युरोपभरच्या दरबारांनी त्यांचं अनुकरण केलं. दान्तेने आपल्या महाकाव्यात एका त्रुबादूराच्या तोंडी चक्क ऑक्सितान ओळी घातल्या आहेत.

त्याच शतकात तुलूजचे नागरिक काउंटच्या हातून हळूहळू कारभार काढून घेत होते. नगराचे निवडलेले कारभारी, ज्यांना पुढे ‘कापितूल’ म्हणू लागले, कर ठरवत, न्याय देत, तटबंदी सांभाळत. त्यांच्या सभेची जागा म्हणजे आजचं कापितोल, शहराची महापालिका. १२९५ पासून हे कारभारी आपल्या कारकिर्दीची नोंदवही ठेवू लागले; वर्षाचा वृत्तांत आणि सोबत स्वतःची रंगीत चित्रं. क्रांतीच्या काळात यातली बरीचशी चित्रं जाळली गेली, तरी वाचलेली पानं पाहताना गंमत वाटते. फोटोत पुढच्या रांगेत बसायची हौस फार जुनी आहे.

या स्वतंत्र बाण्याच्या शहरावर घाला आला तो धर्माच्या वाटेने. दक्षिणेत ‘काथार’ नावाचा पंथ पसरला होता. हे जग वाईटाची निर्मिती आहे, श्रीमंत चर्च हे ख्रिस्ताचं नव्हे, असं ते मानत. त्यांचे साधुजन मांस खात नसत आणि शपथ घेत नसत. पोपने त्यांच्याविरुद्ध, म्हणजे ख्रिस्ती मुलखातच, धर्मयुद्ध पुकारलं. १२०९ ते १२२९ अशी वीस वर्षं ते चाललं आणि उत्तरेकडच्या सरदारांना दक्षिणेतली जमीन मिळवायची ती पर्वणीच ठरली. त्यांचा सेनापती सिमाँ द माँफोर तुलूजला वेढा घालून बसला असताना २५ जून १२१८ रोजी तटावरून आलेला एक धोंडा त्याच्या डोक्यात बसला आणि तो जागच्या जागी मेला. धोंडे फेकणारं ते यंत्र बायका-मुली चालवत होत्या, असं त्या काळच्या ऑक्सितान काव्यात म्हटलं आहे. तुलूजच्या लोकांना ही गोष्ट अजून सांगायला आवडते.

लढाई जिंकली तरी युद्ध हरलं. १२२९ च्या तहात काउंटला आपली एकुलती मुलगी फ्रान्सच्या राजाच्या भावाला द्यावी लागली. ते जोडपं १२७१ मध्ये निपुत्रिक वारलं आणि तुलूज राजाच्या खालसात गेलं. (‘दत्तक नामंजूर’ आठवलं ना?) त्याच तहाचं एक कलम असं की काउंटने तुलूजमध्ये विद्यापीठ काढावं आणि प्राध्यापकांचा दहा वर्षांचा खर्च सोसावा, हेतू हा की पाखंडाचा मुकाबला व्हावा. आज तिथे लाखभर विद्यार्थी शिकतात. त्या शिक्षणाचा पाया असा युद्धाच्या खंडणीतून घातला गेला.

राज्य गेलं, पण भाषा लगेच गेली नाही. १३२३ मध्ये शहरातल्या सात हौशी माणसांनी एक मंडळ काढलं आणि भाषेतल्या सगळ्या कवींना आवताण धाडलं. पुढच्या वर्षी ३ मे रोजी स्पर्धा झाली. बक्षीस होतं सोन्याचं व्हायोलेट फूल. मंडळाने व्याकरण आणि छंदशास्त्राचा जाडजूड ग्रंथही करवून घेतला. त्रुबादूरांची परंपरा मोडकळीला आली होती, ती कागदावर तरी टिकावी ही त्यांची धडपड. हे मंडळ आज सातशे वर्षांनंतरही चालू आहे आणि युरोपातली सर्वांत जुनी साहित्यसंस्था म्हणून मिरवतं. गोम एवढीच की सोळाव्या शतकात तिथे फ्रेंच कविता शिरली, चौदाव्या लुईने १६९४ मध्ये मंडळाला ‘अकादमी’चा दर्जा दिला आणि ज्या भाषेसाठी ते स्थापन झालं होतं तिलाच बाहेर बसवलं. व्हिक्टर ह्यूगोला १८१९ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, इथलं सोन्याचं लिली फूल मिळालं, ते फ्रेंच कवितेसाठी. ऑक्सितानला पुन्हा आत घेतलं ते १८९५ साली.

मधल्या काळात शहर गडगंज झालं ते निळीवर. तुलूजच्या आसपासच्या शेतांत पास्तेल नावाची पिवळ्या फुलांची वनस्पती पिके. (आपल्या चित्रकलेच्या तासाच्या पेस्टल खडूंचा आणि हिचा नावापुरता संबंध आहे, दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘लगदा’ आहे.) तिची पानं गिरणीत वाटून त्यांचे गोळे वळत, वाळवत, मग फोडून, भिजवून महिनोन्महिने आंबवत. त्या घाणेरड्या वासाच्या प्रकारातून कापडाचा सुंदर, पक्का निळा रंग निघे. साधारण १४६० ते १५६० ही शंभर वर्षं युरोपच्या विणकरांना निळा रंग तुलूजने पुरवला. व्यापाऱ्यांनी विटांचे वाडे बांधले आणि त्यांवर मनोरे चढवले. ज्याचा मनोरा उंच त्याचा मान मोठा. झाँ द बेरनुई हा त्यांतला एक. राजा पहिला फ्रान्स्वा १५२५ मध्ये शत्रूच्या कैदेत पडला तेव्हा त्याच्या खंडणीला हा जामीन राहिला असं सांगतात. आसेझा नावाच्या दुसऱ्या व्यापाऱ्याचा वाडा आज कलासंग्रहालय आहे, आणि वर सांगितलेल्या फुलांच्या अकादमीचं घरही तेच.

हा डोलारा कोसळण्याची कारणं दोन-तीन आहेत. पिकं बुडाली, धर्मयुद्धं पेटली. आणि तिसरं कारण आपल्याकडचं. पोर्तुगीजांनी आफ्रिकेला वळसा घालणारी वाट शोधल्यावर गुजरातेतली नीळ गोव्यावरून लिस्बनला पोचू लागली. रंग देणारं द्रव्य दोन्हींत एकच, पण निळीच्या झुडपात ते पास्तेलपेक्षा कितीतरी पटींनी जास्त. फ्रान्सने परदेशी नीळ वापरणाऱ्यावर बंदी घालून पाहिली; चौथ्या हेन्रीने तर १६०९ मध्ये त्यासाठी देहदंडाची शिक्षा जाहीर केली. पण स्वस्त आणि चांगला माल फतव्याने थांबत नाही. युरोपीयांनी आपल्याकडे निळीच्या शेतकऱ्यांचं काय केलं ते आपण शाळेत शिकलो. त्या निळीने तिकडच्या शेतकऱ्यांचं काय केलं हे मात्र मला तिथे गेल्यावर कळलं.

आता १५६२. प्रॉटेस्टंट पंथ तुलूजच्या व्यापाऱ्यांत आणि विद्यार्थ्यांत पसरला होता. त्या मे महिन्यात त्यांनी शहर ताब्यात घ्यायचा प्रयत्न केला, रस्त्यारस्त्यांत लढाई झाली, आणि ते हरले. सुखरूप बाहेर जाऊ देऊ, असं वचन मिळाल्यावर ते निघाले आणि वेशीबाहेर त्यांची कत्तल झाली. हजारोंनी माणसं मेली. त्यानंतर शहर दर वर्षी १७ मे रोजी या ‘सुटके’ची मिरवणूक काढू लागलं. दोन शतकं हा उत्सव चालला. शेजाऱ्यांच्या कत्तलीचा वार्षिक उत्सव! पुढे जे घडलं ते समजायला ही हवा लक्षात ठेवली पाहिजे.

झाँ कालास हा प्रॉटेस्टंट व्यापारी. फिलातिए रस्त्यावर त्याचं कापडाचं दुकान होतं. तो ‘एंदियेन’ विकायचा, म्हणजे हिंदुस्थानी धर्तीचं छापील सुती कापड, ज्याच्यावर त्या काळी फ्रान्स फिदा होता. खाली दुकान, वर घर. १३ ऑक्टोबर १७६१ च्या संध्याकाळी घरात जेवणं झाली. पानावर आईबाप, दोन मुलगे आणि एक तरुण पाहुणा. वाढायला जुनी मोलकरीण. थोरला मुलगा मार्क-आंत्वान, वय २८, पानावरून उठून खाली गेला. तासा-दोन तासांनी पाहुण्याला पोचवायला धाकटा भाऊ दिवा घेऊन उतरला, तर मार्क-आंत्वान दुकानात मेलेला.

मार्क-आंत्वानने वकिलीचं शिक्षण घेतलं होतं. पण वकील व्हायला कॅथलिक असल्याचा दाखला लागे. तो त्याच्याकडे नव्हता. मनाने खचलेला माणूस. त्याने गळफास लावून घेतला होता, हे जवळजवळ नक्की. पण आत्महत्या करणाऱ्याचं प्रेत तेव्हा पालथं घालून गावभर फरफटत नेत. ती विटंबना टळावी म्हणून घरच्यांनी आधी सांगितलं, की कोणीतरी त्याला मारलं. हे एक खोटं त्यांना भोवलं. रस्त्यावर गर्दी जमली आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, की मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याचा गळा घोटला. कोण ओरडलं ते कधीच कळलं नाही. दाव्हिद द बोद्रिग या कापितूलने तेवढ्यावर सगळ्या घरादाराला कैद केलं, मोलकरणीसकट.

यापुढचा तपास मला अंगावर काटा आणणारा वाटतो, कारण त्यात वरकरणी सगळं नियमाप्रमाणे झालं. चर्चांमधून साक्षीदारांना जाहीर आवाहन केलं गेलं. पण आवाहनाचा मसुदाच असा होता, की मार्क-आंत्वानला घरच्यांनी कसं मारलं हे ज्याने ऐकलं असेल त्याने यावं. मारलं का, हा प्रश्नच त्यात नव्हता. ‘ऐकलं’ असं सांगणारे अर्थातच ढिगाने आले. मृतदेहाला कॅथलिक हुतात्म्याचा थाट देऊन पुरलं गेलं. पाच माणसांना सोडवू शकणारी एक गोष्ट कोणीच जमेला धरली नाही : मोलकरीण स्वतः कट्टर कॅथलिक होती, आणि या घरातला आणखी एक मुलगा आधीच कॅथलिक झाला होता, बापाने त्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता.

तुलूजच्या पार्लमाँने (हे नाव ऐकून संसद समजू नका, ते राजाचं उच्च न्यायालय) ९ मार्च १७६२ रोजी तेरांपैकी आठ मतांनी कालासला देहदंड दिला. दुसऱ्या दिवशी आधी कबुलीसाठी छळ झाला. मग चाकावर बांधून लोखंडी कांबीने हाडं मोडली गेली. कालास ६३ वर्षांचा होता. शेवटपर्यंत तो म्हणत राहिला, की मी निर्दोष आहे. दोन तासांनी त्याचा गळा आवळून प्रेत जाळलं. कबुली न मिळाल्यामुळे न्यायाधीश पेचात पडले आणि त्यांनी बाकीच्यांना जवळजवळ सोडूनच दिलं. भावाला फक्त हद्दपारी. व्होल्तेअरने नेमकं इथेच बोट ठेवलं : ६३ वर्षांचा म्हातारा २८ वर्षांच्या धडधाकट तरुणाला एकट्याने फासावर चढवू शकत नाही. मग एकतर सगळे दोषी, नाहीतर सगळे निर्दोष. सगळ्यांना सोडलंत, तर म्हाताऱ्याला कशासाठी मारलंत?

व्होल्तेअर आधी कालासलाच दोषी समजत होता. मग त्याने माहिती काढली, माणसं भेटली, आणि वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी हे प्रकरण अंगावर घेतलं. पत्रं, पत्रकं, ओळखीपाळखी, पैसा, सगळं त्यात ओतलं. १७६३ मध्ये त्याचा सहिष्णुतेवरचा प्रसिद्ध ग्रंथ यातूनच निघाला. १५६२ च्या कत्तलीची द्विशताब्दी नेमकी १७६२ सालीच येत होती, हेही त्याने वाचकांच्या ध्यानात आणून दिलं. कालासच्या बायकोने पॅरिसला जाऊन दाद मागितली. ९ मार्च १७६५ रोजी, शिक्षेला बरोबर तीन वर्षं झाली त्या दिवशी, पॅरिसच्या न्यायाधीशांनी एकमताने कालास निर्दोष असल्याचं जाहीर केलं. राजाने कुटुंबाला ३६ हजार लिव्र दिले आणि बोद्रिग पदावरून गेला.

याच पार्लमाँमध्ये शंभर वर्षांपूर्वी पिएर द फेर्मा न्यायाधीश होता. हो, आपल्या गणितातला फेर्मा. दिवसा खटले, उरलेल्या वेळात संख्या. पास्कलशी पत्रव्यवहार करून त्याने संभाव्यतेच्या गणिताचा पाया घातला तो १६५४ मध्ये. पुरावा किती आणि शंका किती हे मोजायचं गणित जिथे जन्मलं, त्याच न्यायालयात अफवेवर माणूस चाकावर चढला. पार्लमाँच्या नियमांत पूर्ण पुरावा, अर्धा पुरावा, पाव पुरावा अशी वर्गवारी असे, आणि पाव-पाव जोडून पूर्ण करत. पण चार अफवा म्हणजे एकाच अफवेचे चार पडसाद असू शकतात, ही बेरीज कोणी तपासली नाही.

शहराला एवढ्यावर सोडणं अन्यायाचं होईल, म्हणून कालक्रम मोडून एक सांगते. ऑगस्ट १९४२. फ्रान्स जर्मनीच्या टाचेखाली, आणि फ्रेंच पोलीसच ज्यूंना गोळा करून छावण्यांत पाठवत होते. तुलूजचा आर्चबिशप सालियेझ अर्धांगाने जखडलेला होता. त्याला धड बोलताही येत नसे. त्याने एक छोटं पत्र लिहिलं : हे ज्यू स्त्री-पुरुष माणसं आहेत, आपले भाऊ आहेत, त्यांच्याशी काहीही करायची मुभा कोणाला नाही. सरकारी अधिकाऱ्याने मनाई केली, तरी २३ ऑगस्टच्या रविवारी ते अनेक चर्चांत वाचलं गेलं. पत्राच्या प्रती हातोहात देशभर गेल्या. ज्या चर्चांतून कालासविरुद्ध साक्षी मागवल्या होत्या, त्यांच्याच व्यासपीठांवरून हे वाचलं गेलं.

मागे वळते. सतराव्या शतकात पिएर-पोल रिके नावाच्या मिठाच्या करवसुली अधिकाऱ्याने गारोनपासून भूमध्य समुद्रापर्यंत कालवा खणायचं डोक्यात घेतलं. सुमारे २४० किलोमीटर. खणणं सोपं, अडचण अशी की मध्ये उंचवटा, आणि उंचवट्यावर कालव्याला पाणी आणायचं कुठून? रिकेने डोंगरातले ओढे वळवून, मोठं धरण बांधून ते पाणी नेमकं माथ्यावर आणलं, म्हणजे तिथून ते दोन्हीकडे उतरेल. काम १६६६ ते १६८१ चाललं; बारा हजारांपर्यंत मजूर, त्यांत शेकडो बायका. आजारपणाची पगारी रजा त्या काळात तो देत असे! कालवा उघडायच्या काही महिने आधी तो वारला. कालवा अजून वाहतो आहे. मालाऐवजी आता सहलीच्या बोटी.

१० एप्रिल १८१४ रोजी याच कालव्याच्या आडोशाने मार्शल सूल्तच्या फ्रेंच फौजेने इंग्रजांशी लढाई दिली. समोरचा सेनापती वेलिंग्टन. म्हणजे आर्थर वेलस्ली, ज्याने त्याआधी साडेदहा वर्षं, २३ सप्टेंबर १८०३ ला, जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला होता. तुलूजला दोन्ही बाजूंची मिळून सात हजारांवर माणसं मेली किंवा जखमी झाली. दोन दिवसांनी पॅरिसहून निरोप आला : नेपोलियनने ६ एप्रिललाच गादी सोडली आहे. लढाई झाली तेव्हा युद्ध संपलेलं होतं.

तोवर भाषेचं काय झालं होतं? क्रांतीनंतर, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार या नेत्याने राष्ट्रीय सभेपुढे अहवाल मांडला, की शुद्ध फ्रेंच बोलणारे देशात जेमतेम तीस लाख आहेत; बाकीच्या बोली नष्ट केल्या पाहिजेत. हा ग्रेग्वार दुष्ट माणूस नव्हता. गुलामगिरीविरुद्ध आणि ज्यूंच्या हक्कांसाठी तो लढला. सगळे नागरिक समान व्हायचे तर सगळ्यांना कायद्याची भाषा आली पाहिजे, हा त्याचा प्रामाणिक विचार. आणि तो मला सहजासहजी खोडता येत नाही. पण हा विचार खेड्यातल्या शाळेत पोचला तेव्हा त्याचं रूप काय झालं ते पाहा. १८८१-८२ च्या कायद्यांनी शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं. वर्गात ऑक्सितान बोलणाऱ्या मुलाच्या हातात गुरुजी लाकडाचा तुकडा किंवा तसलीच काही वस्तू देत. त्याने दुसऱ्या एखाद्या मुलाला ऑक्सितान बोलताना पकडलं की ती वस्तू त्याच्या गळ्यात मारायची. संध्याकाळी जिच्या किंवा ज्याच्या हातात ती उरेल, शिक्षा त्याला. म्हणजे मुलांनाच मुलांवर पाळत ठेवायला शिकवलं. या साऱ्या अनुभवाला ऑक्सितानमध्ये एकच शब्द आहे, ‘वेर्गोन्या’, म्हणजे लाज.

भाषा कायद्याने मेली नाही, ती या लाजेने मेली. आजी-आजोबा आपापसांत ऑक्सितान बोलत आणि नातवंडं खोलीत आली की फ्रेंचवर येत. आपण काय बोलतो त्याला ते स्वतःच ‘पात्वा’ म्हणू लागले, म्हणजे गावंढळ बोली. दान्तेने जिच्यात ओळी लिहिल्या, जिच्या एका बोलीत लिहिणाऱ्या मिस्त्रालला १९०४ चं नोबेल मिळालं, तिला! आपली शाळा मराठी माध्यमाची. आपल्यातल्या बहुतेकांची मुलं, माझीही, इंग्रजी माध्यमात शिकली, आणि मराठीत बोललं तर दंड करणाऱ्या शाळाही आपण आसपास पाहिल्या आहेत. मराठीची गोष्ट वेगळी आहे, तिच्यामागे राज्य आहे, कोट्यवधी माणसं आहेत, हे मलाही कळतं. ऑक्सितानच्या मागेही एके काळी दरबार होते.

या बाबतीत वेगळा आवाज काढला तो झाँ झोरेस यांनी. समाजवादी नेते, जवळच्याच कास्त्र गावचे, तुलूज विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि काही वर्षं शहराच्या शिक्षण खात्याचे उपमहापौर. १९११ मध्ये त्यांनी लिहिलं, की प्रवासात आपल्याला पोर्तुगीज आणि स्पॅनिश चटकन समजू लागली ती फ्रेंचच्या जोडीला ऑक्सितान येत होती म्हणून. मग शाळेत या भाषेची लाज वाटायला लावण्याऐवजी दोन्ही भाषा शेजारी ठेवून शिकवाव्यात. गरीब शेतकऱ्याच्या मुलाकडे हे धन आयतंच आहे. ३१ जुलै १९१४ रोजी, महायुद्ध टाळायची खटपट करत असतानाच, त्यांचा खून झाला. ऑक्सितान ऐच्छिक विषय म्हणून शाळेत शिकवायला परवानगी मिळाली ती १९५१ च्या कायद्याने.

महायुद्धाने तुलूजला आजचा धंदा दिला. जर्मन सीमेपासून लांब म्हणून १९१७ मध्ये लातेकोएरचा विमान कारखाना इथे निघाला. इथूनच टपालाची विमानं आधी स्पेनला, मग आफ्रिकेला आणि दक्षिण अमेरिकेला जाऊ लागली. त्यांचा एक वैमानिक म्हणजे ‘छोटा राजकुमार’ लिहिणारा सँतेक्झुपेरी. कॉन्कॉर्डचं पहिलं उड्डाण २ मार्च १९६९ ला इथलंच. आता एअरबसचं मुख्यालय इथे आहे, आणि आपल्या इंडिगोची कितीतरी विमानं इथे जुळणी होऊन येतात. ज्या निळीने शहराला एकदा बुडवलं, तिच्याच नावाची विमानं हे शहर बनवतं, हा निव्वळ योगायोग, पण मजेचा.

या धंद्याने जगभरची माणसं शहरात आली, आणि ऑक्सितान त्यांच्यातल्या कोणाचीच नव्हती. तरीही १९७९ पासून पालकांनी चालवलेल्या ‘कालांद्रेता’ शाळा निघाल्या, जिथे बालवाडीपासून सगळं ऑक्सितानमध्ये शिकवतात. तुलूजमध्येही त्या आहेत. नावाचा अर्थ छोटा चंडोल. २०२१ मध्ये फ्रान्सच्या संसदेने अशा शाळांना बळ देणारा कायदा केला, तेव्हा घटना परिषदेने त्यातलं नेमकं हे, सगळं शिक्षण प्रादेशिक भाषेतून देण्याचं, कलम घटनाबाह्य ठरवलं. शाळा तरीही चालू आहेत. वाद मिटलेला नाही. जुन्या पेठांत रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत आहेत, आणि मेट्रोत प्रत्येक स्टेशनचं नाव आधी फ्रेंचमध्ये आणि मग ऑक्सितानमध्ये पुकारतात. शहराच्या दोन मेट्रो मार्गिका जिथे एकमेकींना छेदतात त्या स्टेशनला झोरेस यांचं नाव आहे. तिथे गाडी थांबताना आवाज येतो : ‘झाँ झोरेस’. क्षणभर थांबून पुन्हा : ‘जुआन जाउरेस’.